फाळके यांचे अद्भुतपट आणि प्रेक्षकांचा अभिप्राय : काशीतून एक विचार

वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासात ग्रहीत्याचा, म्हणजे वाचकाचा वा प्रेक्षकाचा, विचार केला पाहिजे, हे आता कोणी नाकारीत नाही. हान्स रॉबर्ट याउस ह्यांनी १९६७ साली कोन्स्टान्त्स येथे दिलेल्या व्याख्यानानंतर ह्या विषयावर युरोपात विपुल लेखन झाले आणि त्याचे पडसाद आपल्याकडील तौलनिक साहित्याभ्यासातही उमटले. परंतु तत्त्वतः मान्य केलेली गोष्ट प्रत्यक्ष अभ्यासात आणावयाची म्हटली की पहिली अडचण साधनांची येते. वाचक निदान समासात काही खुणा करून ठेवतो. प्रेक्षक तेवढेही मागे ठेवीत नाही. त्यातही तो मूकपटाचा प्रेक्षक असेल, तीन-चार आण्यांच्या जागेवर बसलेला असेल आणि त्याने पाहिलेला चित्रपट थोडक्या खर्चात केलेला, देवदानवांचा आणि चमत्कारांचा असेल, तर त्याचे मत म्हणून जे आपल्यापर्यंत येते ते बहुधा दुसऱ्याच कोणी सांगितलेले असते. अशा दुय्यम साक्षींतून काय निष्पन्न होऊ शकते, हे दादासाहेब फाळके ह्यांच्या अद्भुतपटांच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विचार काशीत सुचला, ह्याला कारण आहे. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून मंगलागौरीच्या गल्लीत आले की दुर्गाघाट, ब्रह्माघाट ह्या बाजूस पसरलेली जुनी महाराष्ट्रीय वस्ती लागते. तेथील घराघरांतून आजही मराठी बोलली जाते, हिंदीच्या वळणाने का होईना. ह्याच काशीत फाळके १९२० च्या सुमारास सहकुटुंब येऊन राहिले होते. हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनीतील भागीदारांशी मतभेद झाल्यामुळे त्यांनी चित्रपटव्यवसाय सोडला होता आणि येथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहावयास घेतले होते. ह्या काळात प्रेक्षकांचे अभिप्राय टपालाने त्यांच्यामागून काशीपर्यंत आले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. त्या हकीकतीकडे पुढे यावयाचे आहे.

प्रथम ‘राजा हरिश्चंद्र’. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये हा चित्रपट लोकांसमोर आला. तत्पूर्वी २१ एप्रिल रोजी ऑलिम्पिया नाट्यगृहात निमंत्रितांसाठी त्याचा खेळ झाला होता. चार रिळे, सुमारे ३७०० फूट लांबी. भांडवल कसे उभे राहिले ते सर्वश्रुत आहे : विम्याची पॉलिसी आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून सर्व मंडळींच्या जेवणापर्यंतचा भार ह्याच बाईंनी वाहिला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ज्याला आज आपण अल्पखर्ची चित्रपट म्हणतो, त्याचे ह्याहून चांगले उदाहरण शोधावयास दूर जाण्याची गरज नाही.

त्यावरचा छापील अभिप्राय तत्काळ मिळाला. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हे तेव्हा नुकतेच निघालेले इंग्रजी पत्र. त्याने चित्रपटाची दखल घेताना वणव्याचे दृश्य, शंकराचे प्रकट होणे आणि मृत पुत्राचे पुन्हा जिवंत होणे ह्या गोष्टी वाखाणल्या. ह्या निवडीकडे लक्ष दिले पाहिजे. हरिश्चंद्राची कथा ही मूलतः सत्याची आणि करुणाची कथा आहे. मार्कंडेय पुराणात, क्षेमीश्वराच्या ‘चंडकौशिक’ नाटकात, आणि ह्याच काशीच्या भारतेंदु हरिश्चंद्रांनी १८७५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘सत्य हरिश्चंद्र’ नाटकातही श्रोत्याच्या वा प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणणारी स्थळे म्हणजे राज्यदान, काशीच्या बाजारातील विक्रय आणि श्मशान. वृत्तपत्राच्या समीक्षकाने मात्र उचलल्या त्या यंत्राने साधलेल्या गोष्टी. कथा त्याला ठाऊक होती. नवे होते ते तिचे दिसणे. करुणाचा प्रेक्षक येथे अद्भुताचा प्रेक्षक झाला आहे, आणि हे पहिल्याच आठवड्यात घडले आहे.

आता ज्याने समीक्षा लिहिली नाही त्याचे काय? सुरत येथील पहिल्या दिवशीच्या खेळाला अवघे तीन रुपये उत्पन्न झाले, अशी एक हकीकत सांगितली जाते. पाच-सहा तासांची नाटके पाहण्याची सवय असलेल्या लोकांना दीड तासाच्या खेळासाठी पैसे मोजणे परवडण्यासारखे वाटले नाही. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की, सत्तावन हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा हा खेळ केवळ तीन आण्यांत पाहावयास मिळेल. आणि गर्दी लोटली. येथे थोडे गणित करून पाहणे मनोरंजक ठरते. एका फुटात सोळा चित्रे ह्या प्रमाणाने सत्तावन हजार चित्रांची लांबी साडेतीन हजार फुटांच्या थोडी वर जाते. म्हणजे चित्रांचा आकडा चित्रपटाच्या ज्ञात लांबीशी बऱ्यापैकी जुळतो. दोन मैल मात्र साडेदहा हजार फुटांच्या वर होतात. एक आकडा मोजलेला, दुसरा फुगविलेला. कारागीर आणि जादूगार ह्या दोघांनी मिळून लिहिलेली ही जाहिरात आहे, आणि फाळके हे दोन्ही होते : एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले होते आणि ‘प्रोफेसर केल्फा’ ह्या नावाने, म्हणजे स्वतःचेच आडनाव उलटे करून, त्यांनी प्रयोगही केले होते. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, सुरतेच्या प्रेक्षकाचा अभिप्राय मूल्याविषयीचा होता. ‘हे खोटे आहे’ अशी त्याची तक्रार नव्हती. ‘हे थोडे आहे’ अशी होती.

ह्याच्या अगदी उलट चित्र ‘लंकादहन’ (१९१७) ह्या चित्रपटाविषयीच्या आख्यायिकांतून उभे राहते. पडद्यावर राम प्रकट होताच प्रेक्षक पादत्राणे काढीत, हात जोडीत, साष्टांग नमस्कार घालीत. मद्रासेस जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली. मुंबईत सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत. ह्यांतील पैशाच्या गोष्टी बाजूला ठेवू. पादत्राणांची गोष्ट मात्र चित्रपटाच्या बहुतेक इतिहासांत येते आणि तिचा अर्थही जवळजवळ ठरल्यासारखा लावला जातो : भारतीय प्रेक्षक भोळा होता, त्याला प्रतिमा आणि देव ह्यांतील भेद कळत नव्हता.

हा अर्थ मला मान्य नाही. त्याची कारणे सांगण्यापूर्वी एका समांतर आख्यायिकेचे स्मरण देणे उपयुक्त होईल. ल्युमिएर बंधूंच्या चित्रातील आगगाडी अंगावर येताना पाहून पॅरिसचे प्रेक्षक घाबरून पळाले, ही कथा जगभर सांगितली जाते. टॉम गनिंग ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मधील निबंधात तिचा कसून परामर्श घेतला आहे. त्याचे प्रतिपादन असे की, त्या प्रेक्षकाला झालेला विस्मय हा फसगतीचा नव्हता. स्थिर चित्र हलू लागते ह्या करामतीचा तो आनंद होता, आणि प्रेक्षक तेथे आला होता तो ती करामत पाहण्यासाठीच. पळून गेलेला प्रेक्षक ही पुढच्या पिढीने आपल्या शहाणपणाची खूण म्हणून घडविलेली मूर्ती आहे. आपल्याकडे ह्या मूर्तीला आणखी एक उपयोग मिळाला. प्रेक्षक अडाणी व चटकन प्रभावित होणारा आहे हे गृहीत धरूनच १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालील परिनिरीक्षणाचे समर्थन झाले. पुढे १९२७-२८ मध्ये रंगाचारी समितीने चार हजारांवर प्रश्नावल्या पाठविल्या आणि साडेतीनशेच्या वर साक्षी घेतल्या; फाळके ह्यांनीही समितीपुढे आपले म्हणणे मांडले. त्या साक्षींत प्रेक्षकाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. केवळ प्रेक्षक म्हणून बोलणारे फार थोडे.

नमस्कार करणारा मनुष्य फसलेलाच असतो काय, ह्या प्रश्नाचे उत्तर काशीत रोज मिळते. रामनगरच्या रामलीलेत मुकुट चढविलेल्या मुलांची आरती होते आणि हजारो लोक जयघोष करतात. पण ती मुले कोणाची, कोणत्या पाठशाळेत शिकतात, हे त्या गर्दीतील कित्येकांना पक्के ठाऊक असते. त्याहून आपल्या विषयाला जवळचे उदाहरण तुलसीघाटावरील नागनथैयाचे आहे. कार्तिक शुद्ध चतुर्थीस गंगेच्या काठी कदंबाची फांदी रोवतात. कृष्ण झालेला मुलगा तीवरून पाण्यात उडी घेतो आणि क्षणार्धात कालियाच्या फणेवर उभा राहून वर येतो. काही मिनिटांचा हा खेळ. त्यासाठी घाट आणि नावा माणसांनी भरून जातात. गेल्या कार्तिकात पंचगंगेहून नावेने जाऊन मी तो पाहिला. माझ्या नावेतील नावाडी वाटेत नागाची बनावट, तो पाण्याखाली कोठे ठेवतात, मुलाला पोहण्याचा सराव कसा देतात, हे सगळे तपशीलवार सांगत होता. कृष्ण वर आला तेव्हा सर्वांत मोठ्याने जयजयकार त्याच नावाड्याने केला. यंत्र ठाऊक असणे आणि हात जोडले जाणे ह्यांत त्याला कोणताही विरोध जाणवला नाही.

फाळक्यांचा ‘कालियामर्दन’ (१९१९) ह्या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. सुदैवाने त्याचा बराच भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सुरक्षित राहिला, पी. के. नायर ह्यांचे ऋण ह्या बाबतीत मोठे आहे. चित्रपटाचा प्रारंभच विलक्षण आहे. कथा सुरू होण्यापूर्वी कृष्णाची भूमिका करणारी फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी प्रेक्षकांसमोर येते आणि चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखविते. त्यानंतर तीच मुलगी कृष्णाच्या वेषात दिसते. दिग्दर्शक जणू अगोदरच सांगून टाकतो : ही माझी मुलगी आहे, ही अभिनय करणार आहे, आता पाहा. प्रतिमा आणि देव ह्यांतील भेद ज्याला कळत नाही अशा प्रेक्षकासाठी कोणी असा प्रारंभ करणार नाही. पुढे पाण्याखालील झुंज चालू असताना फाळके पुनःपुन्हा काठावरील व्याकुळ लोकांकडे वळतात. पाहणाऱ्यांना पाहणे हा ह्या चित्रपटाचा अर्धा विषय आहे. तुलसीघाटावरही असेच घडते : नावेतील माणूस पाण्याकडे पाहतो तितकाच समोरच्या पायऱ्यांवरील गर्दीकडेही पाहतो.

मंगलागौरीजवळच्या एका महाराष्ट्रीय घरात, जेथे माझे जाणेयेणे आहे, एका संध्याकाळी हा चित्रपट लहान पडद्यावर दाखविण्याचा योग आला. पाहणारी माणसे पाच. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे आणि तिच्यावरून कोणताही सिद्धांत उभारण्याचा माझा आग्रह नाही. परंतु वर सांगितलेल्या दुय्यम साक्षींपेक्षा ती एका पायरीने जवळची आहे, म्हणून नोंदवितो. घरातील आजींनी कालियाच्या डोक्यावर कृष्ण दिसताच हात जोडले आणि हात जोडलेले असतानाच म्हणाल्या, “नाग कापडाचा असेल, नाहीतर कागदाचा.” महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाने हसून विचारले, “मग आजी, नमस्कार कशाला केलास?” त्यावर त्या म्हणाल्या, “कृष्णाला केला, नागाला थोडाच?” नातवाचे स्वतःचे मत असे की, एवढ्या पैशात एवढेच होणार. असे म्हणून त्यानेच चित्र थांबवून पाण्याखालचा भाग तीनदा मागे नेऊन पाहिला. आजींचे चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी त्यांनी एवढेच म्हटले की, मुलगी फार गोड आहे; आणि उठून गेले. त्यांना चित्रपट कंटाळवाणा वाटला असावा, असा माझा तर्क आहे. हाही अभिप्रायच, आणि तो इतिहासात कधी नोंदला जात नाही.

आजींच्या ह्या एका वाक्याचे शास्त्र शोधावयाचे झाल्यास ते अभिनवगुप्तात सापडते. ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीच्या विघ्नांची जी गणना आहे तीत पहिले विघ्न संभावनाविरहाचे. जे दाखविले जात आहे ते घडणे शक्य आहे असे प्रेक्षकाला वाटलेच नाही, तर त्याचे मन तेथे स्थिरावणार कसे? लोकसामान्य प्रसंगांत हृदयसंवादाने हे विघ्न दूर होते. पण समुद्र ओलांडणे, नागाच्या मस्तकावर नाचणे अशा लोकोत्तर कृत्यांत तो उपाय चालत नाही. तेथे रामादिकांसारख्या प्रसिद्ध, ज्यांच्याविषयीचा विश्वास मनात खोल रुजलेला आहे अशा नायकांचा आश्रय घ्यावा, असे अभिनवगुप्त सांगतो. ह्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. विश्वसनीयतेचा भार तो देखाव्यावर टाकीत नाही; तो प्रेक्षकाच्या पूर्वसंस्कारावर टाकतो. कृष्णाने कालियाचे मर्दन केले हे आजींना चित्रपटाने पटवून द्यावयाचे नव्हतेच. ते पटलेलेच होते. म्हणूनच नाग कापडाचा असला तरी चालण्यासारखे होते. अल्प खर्च हा अद्भुतपटाचा दोष ठरतो की नाही, हे बव्हंशी खर्चावर नव्हे तर ह्या पूर्वविश्वासावर ठरते. फाळक्यांनी पौराणिक विषय निवडले ह्याचे श्रेय त्यांच्या देशभक्तीला आणि ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ ह्या चित्रपटाच्या प्रभावाला दिले जाते. ते खरेच आहे. पण तुटपुंज्या साधनांनी चमत्कार दाखवू पाहणाऱ्या कारागिराला दुसरा मार्गही नव्हता.

ह्याची उलट बाजू तपासावयाची असेल तर पुढील काळातील मारधाडीच्या आणि जादूच्या चित्रपटांकडे पाहावे. जे. बी. एच. वाडिया ह्यांच्या कंपनीचा ‘हंटरवाली’ (१९३५) किंवा त्या धर्तीचे इतर चित्रपट लोकांना अत्यंत प्रिय होते. पण सुशिक्षित अभिरुचीने त्यांना सवलत दिली नाही. फाळक्यांच्या कागदी नागाकडे कौतुकाने पाहणारी दृष्टी ह्या चित्रपटांतील कचकड्याच्या किल्ल्यांना हसली. साधने तेवढीच तुटपुंजी. फरक इतकाच की, येथे प्रसिद्ध नायकाचा आधार नव्हता आणि विश्वास चित्रपटाने स्वतः मिळवावयाचा होता. तो चार आण्यांच्या प्रेक्षकाने दिला, हे तिकीटविक्रीवरून दिसते. कोणत्या कारणाने दिला हे सांगण्याची संधी त्याला कोणी दिली नाही. मराठी समीक्षेत आजही पौराणिक अद्भुताला एक माप आणि लौकिक अद्भुताला दुसरे माप लावले जाते, आणि ह्या पक्षपाताची आपल्याला जाणीवही नसते, हे मला खटकते.

भरताने ‘नाट्यशास्त्रा’च्या सत्ताविसाव्या अध्यायात सिद्धीचा विचार करताना प्रेक्षकांच्या प्रतिसादाची जी मोजदाद केली आहे ती ह्या दृष्टीने आपल्यापेक्षा अधिक उदार आहे. स्मित, अर्धहास्य, मोठ्याने हसणे, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार, अंगावर रोमांच, जागेवरून उठणे, वस्त्रे व अंगठ्या फेकणे : ह्या सर्व खुणा तो मानुषी सिद्धीच्या म्हणून मांडतो. कोठे शब्द नाही, क्षोभ नाही आणि रंगस्थान भरलेले आहे, ही दैवी सिद्धी. पादत्राणे काढणारा प्रेक्षक ह्या यादीत सहज बसतो. आणि तेथे त्याला कोणी भोळा म्हणत नाही. ती प्रयोगाची पावती असते. आजींच्या चिरंजिवांचे उठून जाणेही अर्थात भरताच्या हिशेबात कोठेतरी जमा होईल.

आता पत्रांची हकीकत. फाळके काशीत असताना ‘संदेश’कार अच्युत बळवंत कोल्हटकर ह्यांनी त्यांना चित्रपटाकडे परत येण्याविषयी लिहिले. चित्रपटव्यवसायापुरते आपण मेलेलो आहोत, अशा आशयाचे उत्तर फाळक्यांनी पाठविले. कोल्हटकर हे वृत्तपत्री नाट्याचे मर्मज्ञ; त्यांनी ते उत्तर फाळक्यांच्या मृत्यूचीच वार्ता वाटावी अशा मथळ्याखाली छापले. त्यावर वाचकांची पत्रे आली, ती ‘संदेश’मधून प्रसिद्ध झाली आणि ते अंक काशीला फाळक्यांकडे गेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात प्रेक्षकांनी आपल्या नावाने, आपल्या भाषेत, थेट निर्मात्याला लिहिल्याचे इतके आरंभीचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. ह्या पत्रलेखकांना चित्रपट हवा होता, आणि तो माणसाने केलेला असतो, त्या माणसाने करावयाचे सोडले तर तो येत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. ज्यांना पडद्यावरचा राम हाच साक्षात राम वाटत होता असे म्हणतात, तेच प्रेक्षक त्र्यंबकेश्वरच्या एका गृहस्थाला परत बोलावीत होते.

मात्र हे प्रेक्षक लिहिणारे होते, वृत्तपत्र विकत घेणारे होते. सुरतेचा तीन आणेवाला त्यांत असण्याचा संभव कमी. मंगलागौरीच्या आजींसारख्या बायका तर नाहीतच. तेव्हा ‘संदेश’मधील पत्रांनाही प्रेक्षकांचा संपूर्ण आवाज मानणे योग्य होणार नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, छापील समीक्षा, आख्यायिका आणि पत्रे ह्या तिन्हींत मिळून जो प्रेक्षक दिसतो तो एकाच वेळी किंमत मोजतो, करामत ओळखतो आणि हातही जोडतो. ह्यांपैकी एकच क्रिया निवडून तिला त्याचा अभिप्राय म्हणणे ही अभ्यासकाची सोय आहे.

काशीत लिहिलेले ‘रंगभूमी’ नाटक १९२२ च्या सुमारास मुंबईत रंगमंचावर आले. ते तत्कालीन मराठी रंगभूमीवरील टीकेचे नाटक होते आणि त्यावर खर्च भरपूर झाला होता. प्रेक्षकांनी ते उचलून धरले नाही. फाळके त्यानंतर नाशिकला आणि चित्रपटाकडे परतले.